दिवा विझला म्हणून

माझ्या पुतण्याच्या डाव्या भुवईवर बोटाच्या पेराएवढा वण आहे. त्याच्या लग्नात नवरीच्या आजीनं मला विचारलं, "पोराला हे काय लागलंय हो?" मी म्हणालो, "माळशेज घाटात आमच्या गाडीचा ब्रेक फेल झाला होता, आजी. देवाची कृपा म्हणून वाचलो." आजीनं तिथल्या तिथं हात जोडले.

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल त्याला हिशेब नाही. पारावर सांगितलं, सोसायटीच्या ओट्यावर सांगितलं, पाहुण्यांत सांगितलं. वाक्य खोटं नाही. ब्रेक फेल झालाच होता. पण तो का झाला, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत सांगितलं. आता लिहूनच ठेवतो.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या पुढं माळशेजच्या वाटेवर. टोमॅटो, फ्लॉवर, काकडी ही आमची पिकं. जवळचा बाजार नारायणगावचा. पण कल्याणला दोन पैसे जास्त मिळतात असं कळलं की माणूस रात्री गाडी भरून घाट उतरतो. धाकटा भाऊ कल्याणच्या मार्केटात माथाडी. तो संध्याकाळी फोनवर भाव सांगायचा आणि आम्ही क्रेट भरायला घ्यायचो. आधी भाड्याची गाडी करायचो. मग 2009 साली बँकेचं कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी मंडळींनी चाकाखाली लिंबं ठेवली, हार घातला. मी दहावी शिकलेला. बैलगाडी जन्मापासून हाकलेली, ट्रॅक्टर वीस वर्षं चालवलेला. पिकअप काय, आठ दिवसांत हातात बसली.

बैलगाडीचं बरं होतं. उतार आला की बैल स्वतःच अंग मागं टाकायचे. जू मानेवर पुढं सरकलं की त्यांना कळायचं, मागचं ओझं ढकलतंय. वडील खाली उतरून चाकाशेजारून चालायचे आणि हातात एक दगड ठेवायचे. गाडी थांबली की लगेच चाकाला उटी. बैलाला भीती वाटली तर ती त्याच्या डोळ्यांत दिसायची. मोटारीला डोळे नाहीत. तिला काय दुखतंय ते सांगायला समोरच्या पाटीवर चार-सहा दिवे दिलेत, तेवढंच तिचं बोलणं.

त्यातला ब्रेकचा दिवा लाल. गोलात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस. हँडब्रेक ओढलेला असला की तो लागतो, सोडला की विझतो. त्यामुळं मला बरेच दिवस वाटायचं, हा हँडब्रेकचाच दिवा. तो आणखी एका कारणानं लागतो हे मला 2012 च्या पावसाळ्यात कळलं.

ऑगस्ट महिना होता. ओतूरच्या रस्त्याला वळण घेताना दिवा लुकलुकला आणि गेला. दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबल्यावर लुकलुकला. मग उतारावर लागून राहिला आणि सपाटीला विझला. गावातले एक ड्रायव्हर म्हणाले, "ब्रेक ऑइल कमी झालंय. टाका थोडं." बॉनेट उघडलं. मास्टर सिलिंडरवर पांढरट प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेलेलं. अर्ध्या लिटरची बाटली आणली, वरच्या खुणेपर्यंत भरलं. दिवा गेला. मी खूश.

दहा दिवसांनी पुन्हा लागला. पुन्हा टाकलं. नंतर आठ दिवसांनी. बाटली मी सीटखालीच ठेवायला लागलो. एकदा ओतताना थोडं बाहेर सांडलं, तर तिथला रंग पोपडे धरून निघाला. तेव्हाही वाटलं नाही की हे ऑइल जातंय कुठं. विहिरीतलं पाणी रोज हातभर खाली गेलं असतं तर मी झोपलो नसतो. मोटर कोण चालवतंय, पाइप कुठं फुटलाय, शिवारभर हिंडलो असतो. इथं डबी रिकामी होत होती आणि मी नुसती भरत होतो.

शेवटी मिस्त्रीकडं गेलो. आमच्या फाट्यावर त्याचं गॅरेज. पत्र्याची शेड, पुढं चिंचेचं झाड, खाली काळी झालेली माती. माणूस कमी बोलायचा. त्यानं गाडीखाली वाकून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. टायरच्या आतल्या अंगाला ओला ओघळ होता. मी रोज बघत होतो. पावसाचं पाणी, चिखल, असं समजत होतो.

"पाणी असतं तर सुकलं असतं," मिस्त्री म्हणाला. "हे बोटावर चोळून बघा, सुकत नाही. मागचा व्हील सिलिंडर गळतोय. ऑइल लायनरवर उतरतंय. ड्रम खोलावा लागेल, लायनर बदलावे लागतील, दुसऱ्या चाकाचंही बघावं लागेल. जुनं ऑइल सगळं काढून नवं भरायला पाहिजे. दोन दिवस गाडी सोडा."

दोन दिवस! आमचा तोडा सुरू होता. एक दिवसाआड क्रेट भरत होते. भाव बरा होता आणि तो किती दिवस टिकेल याचा भरवसा नव्हता. बँकेचा हप्ता थकलेला. मी म्हणालो, "पंधरा दिवसांनी सोडतो. तोडा संपू दे."

"मग घाटात नेऊ नका."

"बघतो," मी म्हणालो. आणि मग ते बोललो, जे इतकी वर्षं गिळून ठेवलं. "तेवढा दिवा बंद करून दे. सारखा डोळ्यात खुपतोय. पुतण्या शेजारी असतो, तो घाबरतो, घरी सांगतो."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "दिव्यानं तुमचं काय वाकडं केलंय?"

मी आवाज चढवला. गाडी माझी आहे, म्हणालो. त्याची मागची दोन बिलं माझ्याकडं बाकी होती, तरी चढवला. तो काही बोलला नाही. डबीच्या टोपणावर एक छोटा प्लग असतो, दोन वायरींचा. त्यानं तो उपटला, वायर मागं दुमडून टेपनं बांधली.

हे काम कसं चालतं ते मला नंतर कळलं. टोपणाला आत एक तरंगा असतो. आपल्या टाकीच्या कॉकला असतो तसाच. ऑइल उतरलं की तरंगा उतरतो, आतले दोन पॉइंट जुळतात आणि दिवा लागतो. हँडब्रेकचं बटण वेगळं, पण दिवा दोघांचा एकच. म्हणजे प्लग उपटल्यावरसुद्धा हँडब्रेक ओढला की दिवा लागायचा, सोडला की विझायचा. सगळं नेहमीसारखं. दिवा चांगला दिसत होता, फक्त ऑइलची खबर त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. आणि लबाडी अशी की दोन दिवसांत माझंच मन मला सांगायला लागलं, दिवा लागत नाही म्हणजे ठीक आहे. बंद मीच करायला लावला होता, तरी. सीटखालची बाटलीसुद्धा विसरलो.

सप्टेंबरमधली ती रात्र. ऐंशी क्रेट, एकेक वीस-बावीस किलोचा. गाडीची कागदावरची क्षमता सव्वा टन, आम्ही पावणेदोन टनांपर्यंत घातलेले. पुतण्या बारावी होऊन कॉलेजला जायला लागलेला. सुट्टीला गावाकडं यायचा आणि परत जाताना माझ्याबरोबर गाडीत यायचा, बापाला भेटायला. भावाचं ते एकुलतं एक पोर. वहिनी लहानपणीच गेलेली, म्हणून ते आमच्याच घरात वाढलं. अकरा वाजता निघालो. मढ सोडलं तेव्हा तो दाराला डोकं टेकून झोपला होता.

घाटात पाऊस आणि धुकं. माळशेजचं धुकं ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. दिव्याचा उजेड हातभर पुढं जातो आणि भिंतीवर आपटल्यासारखा परत येतो. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा. मला ते ठाऊक होतं. पण बाजार गाठायचा होता. तिसऱ्या गियरमध्ये सोडली आणि ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत राहिलो. पॅडल नेहमीपेक्षा खाली जात होतं. बोगदा मागं पडला. नाकात जळका वास आला. वाटलं, पुढं कुठल्यातरी ट्रकचा असेल. पुढं ट्रक नव्हता.

एका वळणाच्या तोंडाला ब्रेक दाबला आणि पाय सरळ तळाला गेला. खाली काही नाहीच. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथं पायरी नसावी, तसं पोटात झालं. पुन्हा दाबला, पुन्हा तळ. हँडब्रेक ओढला. तो तारेनं मागच्याच चाकांना लागतो आणि मागचे लायनर महिनाभर ऑइलात भिजलेले. गाडी नुसती कण्हली. मग गियर. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना जो आवाज झाला तो अजून कानात आहे. इंजिन किंचाळलं, पण गाडी अंगात आल्यासारखी होती ती थोडी थबकली. तेवढ्यात मी ती डोंगराच्या अंगाला नेली. समोरून कुणी आलं नाही हे नशीब. चाक गटारात उतरलं, एक अंग दगडाला घासत गेलं आणि गाडी तिरकी होऊन थांबली. वरची क्रेटची रास पुढं आली, वीस-पंचवीस क्रेट रस्त्यावर फुटले.

पुतण्याचं कपाळ समोर आपटलं होतं. त्यानं मला विचारलं, "आप्पा, आलं का कल्याण?" आणि मग त्याच्या डोळ्यात रक्त उतरलं.

मी टॉवेल त्याच्या कपाळाला दाबून धरला आणि पावसात उभा राहिलो. दगडाच्या पलीकडं काय होतं ते धुक्यामुळं दिसत नव्हतं. अर्ध्या तासानं वरून एसटी आली. ड्रायव्हर उतरला, कंडक्टरनं पेटीतला कापूस काढून दिला. मी गाडीत बसून सहज ब्रेक दाबला, तर पॅडल लागलं! घट्ट नाही, पण लागलं. मी म्हणालो, "लागतोय की. खालपर्यंत नेतो हळूहळू."

एसटीचा ड्रायव्हर माझ्यावर धावूनच आला. "थंड झालाय म्हणून लागलाय! दोन वळणं घेतली की परत तेच. पोराला मारायचंय का?" त्यानं आम्हाला एसटीत घातलं. मुरबाडला दवाखान्यात पाच टाके पडले.

असं का झालं ते मिस्त्रीनं नंतर समजावलं. ब्रेक आपण पायानं दाबतो, पण चाकापर्यंत जोर नेतं ते ऑइल. फवारणीच्या पंपासारखंच. नळीत पाणी भरलेलं असलं तर दांडा दाबला की दुसऱ्या टोकाला जोर येतो. नळीत हवा शिरली की दांडा नुसता हलतो. ब्रेकच्या नळ्यांचे दोन भाग असतात, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहावा. आमचा मागचा भाग गळून रिता झाला होता. सगळा भार पुढच्या दोन चाकांवर आला. ती तापली. आणि या ऑइलची खोड अशी की ते हवेतला ओलावा पितं. नवं कोरं डॉट-3 ऑइल 205 अंशाला उकळतं, पाणी पिऊन जुनं झालेलं 140 लाच उकळू शकतं. आमच्या गाडीतलं ऑइल कधी बदललेलंच नव्हतं. वरून मी टाकत होतो ते महिनाभर टोपण सैल असलेल्या बाटलीतलं. घाटात ते उकळलं, नळीत वाफ झाली आणि वाफेवर जोर चालत नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल झालं, म्हणून पॅडल परत आलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. पोराचं कपाळ बघितलं आणि विचारलं, "दादा, गाडी मिस्त्रीला दाखवली होती ना?"

मी म्हणालो, "दाखवली होती. आठ दिवसांपूर्वीच."

एवढंच म्हणालो. पुढचं बोललो नाही. भाऊ तसाच फाट्यावर गेला. गॅरेजपुढं उभं राहून मिस्त्रीला आई-बापावरून बोलला. चार माणसं जमली. मिस्त्री पाना हातात घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, कारण मी भावाच्या मागोमाग पोचलो होतो. मी खाली बघितलं. तो म्हणाला, "चुकलं माझं." आणि परत गाडीखाली गेला.

त्या वर्षी आमच्या गावातल्या बऱ्याच गाड्या त्याच्याकडं जायच्या बंद झाल्या. "ब्रेक बघितला म्हणतो आणि घाटात फेल होतो," असं लोक बोलायचे. मी ऐकायचो. माझी गाडी मात्र मी त्याच्याकडंच नेत राहिलो, आणि मनाला सांगत राहिलो की मी त्याला साथ देतोय. पहिल्यांदा नेली तेव्हा त्यानं व्हील सिलिंडर, लायनर, पुढचे पॅड सगळं नवं टाकलं, नळ्यांतली हवा काढली. शेवटी टेप सोडून तो प्लग परत टोपणात बसवला. म्हणाला, "आता काढायला सांगू नका." त्या घटनेबद्दल तो माझ्याशी बोलला तो एवढाच.

त्यानंतर मी त्या दिव्याच्या मागं लागलो असं म्हटलं तरी चालेल. गॅरेजमध्ये बसून बघायचो, विचारायचो. गावातल्या पोरांना गाडीचा दिवा लागला की ती माझ्याकडं यायला लागली. "आप्पांना विचारा, त्यांचा ब्रेक फेल झालता," असं म्हणायचे.

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. तो आता कल्याणला नोकरीला आहे, बायको आहे, दोन वर्षांची मुलगी आहे. जुनी मोटार घेतलीय. सगळे गावाकडं निघालेले. भाऊही गाडीत.

"आप्पा, टोकावड्यात आहे. लाल दिवा लागलाय ब्रेकचा. हँडब्रेक खाली आहे."

"गाडी उभी कर. पिवळा लागलाय का, एबीएस लिहिलेला?"

"नाही. लालच."

नुसता पिवळा असता तर घाई नव्हती. तो चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. ती बंद पडली तरी साधा ब्रेक लागतो, सांभाळून गॅरेजपर्यंत जाता येतं. लाल आणि पिवळा दोन्ही लागले तर जास्त वाईट, जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी अडकून गाडी फिरू शकते. नुसता लाल म्हणजे आमचा जुना ओळखीचा.

"हँडब्रेक पूर्ण ओढ आणि पूर्ण सोड. दोनदा कर. एखादा दात वर राहिला तरी दिवा राहतो."

"केलं. तसाच आहे."

"आता गाडी सुरू ठेवून पॅडल दाब आणि दाबून धर. वीस-तीस आकडे मोज. हळूहळू खाली जातंय का?"

मागून भावाचा आवाज येत होता, "ऑइल टाक म्हणावं आणि चल. अंधार पडला."

"नाही आप्पा. घट्ट आहे. खाली जात नाही."

"बरं. बॉनेट उघड. डबी बघ."

"खालच्या खुणेच्या खाली आहे. मी टाकू का? इथं दुकानात मिळतंय."

"टाकू नकोस," मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा झाला की मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आधी का कमी झालं ते बघ. मोबाइलची बॅटरी लाव. चारी चाकांच्या आतल्या बाजूनं बोट फिरव. पॅडलच्या वर, आतल्या बाजूला हात लावून बघ."

पाच मिनिटांनी म्हणाला, "सगळं कोरडं आहे."

"मग ते बाहेर गेलं नाही, आतच आहे. पॅड झिजले की पिस्टन पुढं सरकतो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतलं ऑइल उतरतं. पुढच्या चाकाच्या फटीतून आत बघ. डिस्कला चिकटून पॅड दिसेल. जाडी किती राहिलीय?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आप्पा, पोस्टकार्डाएवढी."

तीन मिलिमीटरच्या आत आले की पॅड बदलायचे. हे तर लोखंडावरच आले होते. त्यानं ऑइल टाकलं असतं तर दिवा विझला असता, तो निर्धास्त घरी आला असता, आणि भाऊबीज करून, पोरीला मांडीवर घेतलेल्या बायकोसकट तोच घाट उतरला असता.

"गाडी तिथंच ठेव. एसटीनं या."

भावानं फोन हिसकावला. "दादा, चढाला ब्रेक कशाला लागतो? सणाची गर्दी आहे, पोरगी लहान आहे."

"या म्हटलं ना," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

रात्री साडेदहाला एसटीतून उतरले, उभ्यानं आलेले. सून दमलेली, पोरगी रडत होती, भाऊ माझ्याशी बोलेना. जेवणं झाली. ओसरीवर पणती होती. पुतण्या समोर बसला होता आणि पणतीच्या उजेडात त्याच्या कपाळावरचा वण दिसत होता. मी सांगून टाकलं. मिस्त्री काय म्हणाला होता, मी काय म्हणालो, प्लग कुणी काढायला लावला. सगळं.

पुतण्या वणावरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, "मी घरी सांगेन म्हणून?" मी मान हलवली. भाऊ उठून अंगणात गेला. बऱ्याच वेळानं आत आला आणि मला एवढंच म्हणाला, "मी त्या माणसाला आईवरून बोललो, दादा."

पाडव्याच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पिकअप घेऊन फाट्यावर गेलो. गॅरेज आता मिस्त्रीचा मुलगा बघतो. मिस्त्री चिंचेखाली खुर्ची टाकून बसतो. पाडवा म्हणून हत्यारांची पूजा मांडलेली, पान्यांवर झेंडू. भाऊ त्याच्या समोर उभा राहिला आणि हात जोडले. त्याला बोलता येईना. मग मीच बोललो. मुलासमोर बोललो, कारण बापाचं नाव गेलं होतं ते त्यानंही ऐकलं होतं.

मिस्त्रीनं ऐकून घेतलं. म्हणाला, "प्लग मीच काढला होता ना. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. तुम्ही ओरडलात म्हणून काढला. त्याचंच वाईट वाटत राहिलं." मग मुलाला म्हणाला, "चहा सांग."

चहा झाला. आम्ही निघालो तसा तो उठला, गुडघ्यावर हात टेकत गाडीपाशी आला आणि म्हणाला, "बॉनेट उघडा." डबीचं टोपण फिरवून त्यानं वर उचललं. टोपणाबरोबर तरंगा बाहेर आला आणि खाली लोंबला.

"चावी फिरवा. हँडब्रेक सोडा. लागला का?"

"लागला," मी म्हणालो.

त्यानं टोपण परत बसवलं, घट्ट केलं, हात फडक्याला पुसले.

"विझला?"

"विझला."

"मग जा," मिस्त्री म्हणाला.